तापीकाठचे विकाऊ घर

आमच्या घरी कोणतीही मोठी खरेदी व्हावयाची असली म्हणजे ती प्रथम आठ दिवस जेवणाच्या पंगतीत होते आणि मग बाजारात. परंतु गेल्या आश्विनात प्रकाशा येथील घराचा विषय निघाला तेव्हा सारी पंगत गप्प झाली, कारण विषय काढणारी आई होती. वयाची ऐंशी वर्षे ओलांडली तरी तिने स्वतःसाठी कधी काही मागितल्याचे आम्हा भावंडांस स्मरत नाही. ती म्हणाली, "ते घर विकायला निघालंय म्हणे. मला पुन्हा एकदा तिथं राहायचंय."

घर आमचे नव्हे. १९६४ साली वडील त्या गावच्या शाळेत शिक्षक म्हणून गेले, तेव्हा नवपरिणीत आईस घेऊन त्यांनी त्या घरातले दोन खण भाड्याने घेतले होते. चार वर्षे त्यांनी तेथे काढली. दादाचा पाळणा त्या घराच्या तुळईला टांगलेला होता. माझा जन्म पुढचा, आणि तोही नाशिकचा. त्यामुळे घर पाहून येण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. दादाने बजावले, "तू भावनेने पाहू नकोस. गवंड्याच्या डोळ्यांनी पाहा." पाळणा ज्याचा, त्याने हे सांगावे याची मला गंमत वाटली, पण मी काही बोललो नाही. निघताना आईने एवढेच सांगितले, की पुढल्या पायऱ्या मोजून ये.

कार्तिकात मी भुसावळहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीने नंदुरबारास उतरलो. १९९८ साली धुळे जिल्ह्यापासून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला, तरी आई अजून 'पश्चिम खानदेश' असेच म्हणते. गावाबाहेर लाल मिरची वाळत घालण्याच्या पथाऱ्या नुकत्याच पडू लागल्या होत्या आणि मोटारीच्या काचा लावल्या तरी घसा खवखवत होता. हा मुलूख वाटसरूंच्या फार जुन्या ओळखीचा आहे. सतराव्या शतकात सुरतेस इंग्रज आणि वलंदेज यांच्या वखारी होत्या, आणि सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जाणारे तांडे याच बाजूने जात. ताव्हर्निये नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्याने आपल्या प्रवासवृत्तात नंदुरबाराचा मुक्काम नोंदविला असून, अलीकडच्या नवापूरच्या तांदळास कस्तुरीचा वास येतो असे लिहून ठेवले आहे. आमच्या मोटारीचा चालक नवापूरचाच होता. त्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "आता खताचा वास येतो, भाऊ."

तापीवरचा पूल ओलांडला की प्रकाशा लागते. गाव नदीच्या उत्तर तीरावर आहे. सातपुड्यातून आलेली गोमाई येथे तापीस मिळते. केदारेश्वर, संगमेश्वर, गौतमेश्वर अशी शिवालये येथे असून गावास दक्षिण काशी म्हणतात. काशीस जाऊन आले तरी प्रकाशास आल्यावाचून यात्रा पुरी होत नाही, अशी इकडची श्रद्धा आहे. गुरू सिंह राशीत आला म्हणजे बारा वर्षांनी येथे मोठी यात्रा भरते. मी गेलो तेव्हा घाटावर दोन कुटुंबे अस्थिविसर्जनास आली होती आणि एक मुलगा पायऱ्यांवर बसून मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत होता. नदी मात्र आईच्या वर्णनातली राहिलेली नाही. प्रकाशा व सारंगखेडा येथे तापीवर बंधारे झाल्यापासून, ज्या दिवसांत पूर्वी वाळवंट उघडे पडे, त्या दिवसांतही येथे पाणी तुंबलेले असते. पावसाळ्यात वर भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की काठच्या गावांना सावधगिरीची सूचना येते. नदीकाठी घर घेऊ इच्छिणाऱ्याने देवदर्शनाइतकेच लक्ष या सूचनेकडे द्यावे, असे मला वाटते.

गावाजवळ एक जुने टेकाड आहे. १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थरावर थर मिळाले. म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीही येथे माणसे घरे बांधीत होती, आणि पडलेल्या घरांच्या मातीवर पुन्हा घरे उभारीत होती. आपले लोक गाव वसते त्या जमिनीस पांढरी म्हणतात आणि पिकते तीस काळी. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर पाया घातला तर भिंती दरवर्षी तडकतात. जुन्या माणसांनी घरे उंच पांढरीवर दाटीवाटीने बांधली, ती काही जागेच्या टंचाईमुळे नव्हे.

घर एका अरुंद आळीत, चढाच्या वरच्या बाजूस आहे. शहाद्याचा एक वृद्ध गवंडी माझ्यासोबत होता. सगळे त्याला आप्पा म्हणतात. आईच्या सांगण्याप्रमाणे मी प्रथम पायऱ्या मोजल्या. पाच होत्या. १९६८ च्या ऑगस्टमध्ये तापीस जो मोठा पूर आला, त्या रात्री पाणी तिसऱ्या पायरीस लागून ओसरले होते, ही आईची आठवण. त्या रात्री दादा तिच्या कडेवर होता आणि वडील कंदील घेऊन पायरीवर बसून पाणी मोजीत होते. आप्पांनी जोत्याच्या दगडावर हात फिरविला, चढाकडे पाहिले आणि म्हणाले, "जोतं शहाण्या माणसाने घातलंय." त्या पायरीपाशी मी दादाची ताकीद क्षणभर विसरलो, हे कबूल केले पाहिजे.

घर धाब्याचे आहे. म्हणजे कौले नाहीत. सागाच्या तुळयांवर कड्या, त्यांवर काटक्यांचा थर, आणि त्यावर खारी माती चोपून केलेले सपाट छप्पर. दोन-अडीच फूट रुंदीच्या मातीच्या भिंती, पुढे ओसरी, मध्ये चौक, मागे स्वयंपाकघर व विहीर. वैशाखात बाहेर पारा ४२ च्या वर चढला तरी अशा घरात दुपारी झोप लागते. परंतु त्यासाठी दरवर्षी मृगापूर्वी धाब्यावर चढून, पडलेल्या घळी बुजवून माती पुन्हा चोपावी लागते. आणि येथेच चूक होत असते. जुनी माती न उतरविता तिच्यावर नवी टाकणे सोपे, म्हणून लोक तेच करतात. आप्पांनी छपरातल्या उजेडाच्या भोकापाशी काठी लावून थर मोजला, तो दीड फुटाहून अधिक भरला. पन्नास वर्षांचा आळस त्या तुळयांच्या डोक्यावर बसला होता.

तुळया मात्र सातपुड्याच्या जुन्या सागाच्या. माजघरातल्या तुळईस पाळण्याच्या दोन लोखंडी कड्या अजून आहेत. आप्पांनी लहान हातोडीने ती तुळई वीतवीत ठोकीत नेली. आवाज शेवटपर्यंत खणखणीत येत होता. पश्चिमेच्या भिंतीपाशी तो एकाएकी बद्द झाला. तेथे त्यांनी सळई टोचली ती बोटभर आत गेली. लाकूड मधोमध कधी कुजत नाही, ते भिंतीच्या आत गेलेल्या टोकाशी कुजते, आणि जुने घर पाहणारे बहुतेक जण मधोमधच पाहून खूश होतात. ते टोक कुजण्याचे कारण बाहेर होते. शेजारच्या बाजूस नंतर बसविलेल्या पत्र्यांचे पाणी नेमके त्या भिंतीवर उतरत होते. "टोकाखाली नवा खांब देऊ, तुळई तुमच्या नातवाचा पाळणा पेलेल," असे आप्पा म्हणाले. तो खर्च मोठा नव्हे.

मोठे दुखणे निराळे होते, आणि ते घरात चांगल्या हेतूने आणलेले होते. दहाबारा वर्षांपूर्वी कोणी मालकाने खोल्या नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून मातीच्या भिंतींस छातीइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा दिला. मातीची भिंत जमिनीतून ओल पिते आणि कोरड्या हवेत ती सोडून देते. सिमेंटने तिचा मार्ग बंद झाला की ओल वर चढू लागते. त्या सर्व खोल्यांत गिलावा जेथे संपतो, तेथून हातभर उंच असा काळसर पट्टा उमटला होता. आप्पांनी एका कोपऱ्यातला पोपडा काढला; आतली माती मळलेल्या कणकेसारखी मऊ लागली. सारा गिलावा खरवडून काढावा, एक अख्खा उन्हाळा भिंती उघड्या राहू द्याव्यात आणि मग चुन्याने किंवा शेणमातीने लिंपाव्यात, असा त्यांचा सल्ला. स्वयंपाकघराच्या जमिनीवर पाय आपटून त्यांनी एक पेवही शोधून काढले. आईने त्याविषयी कधी सांगितले नव्हते. बहुधा भाडेकरूंस ते ठाऊक नसावे.

शेजारी एक गुजर कुटुंब राहते. घरच्या आजींनी आम्हास ओसरीवर बसवून चहा दिला. त्या गुजरीत बोलत होत्या. मला निम्मे समजले, उरलेले आप्पांनी सांगितले. घराविषयी भिंतींनी जे सांगितले नव्हते ते त्यांच्या बोलण्यातून कळले. विहिरीचे पाणी आता पिण्याजोगे नाही, नळास दिवसाआड येते. आळीतली पाच घरे बंद आहेत. मुले सुरतेस, पुण्यास. धाबे चोपणारी माणसे पूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येत. आता तीच माणसे दिवाळी होताच ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि मृगाच्या सुमारास परतली तरी स्वतःच्या शेतीत गुंततात. खारी माती कोणती व कोठली हे ओळखणारा एकच म्हातारा गावात उरला आहे. आजींनी स्वतः दोन वर्षांपूर्वी धाबे उतरवून स्लॅब घातला. "उन्हाळ्यात झोप येत नाही," त्या म्हणाल्या, "पण चिंताही नाही." नाशिकला परत येईपर्यंत हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. घर विकत घेण्यास आम्हा दोघा भावांचे पैसे पुरे होते. दरवर्षी त्या धाब्यावर चढणारे हात आमच्यापाशी नव्हते.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. जुन्या लाकडाचा एक व्यापारी दोनदा येऊन गेला होता. त्याला घर नको होते. ओसरीचे कोरीव खांब आणि चौकट तेवढी हवी होती. मालकही किंमत सांगतात ती जागेची. वर उभे असलेले घर हिशेबात धरीतच नाहीत. म्हणजे आम्ही न घेतले तर वर्षभरात तेथे नुसते जोते उरणार हे उघड होते.

कागदांविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो भाग रुक्ष असला तरी बुडणारी माणसे तेथेच बुडतात. मालकांनी ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा पुढे केला. तो कर आकारणीचा कागद आहे. मालकी त्याने सिद्ध होत नाही. मूळ खरेदीखत किंवा वाटणीपत्र, आणि गावठाणाची मोजणी झाली असल्यास मिळकत पत्रिका पाहावी लागते. घर तिघा भावांच्या नावे होते, परंतु चौकशीअंती दोंडाईचास दिलेली एक बहीण निघाली. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि वडील त्या दिवशी हयात असोत वा नसोत, तो हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. धाकटे बंधू म्हणाले, "ताईचं काही म्हणणं नसतं." मी विचारले, तिला विचारले आहे काय? ते गप्प राहिले. दादाच्या मनात घराशेजारी एकरभर बागाईत घ्यावे असेही होते. तो विचार तेथल्या तेथे सोडावा लागला. आम्ही शेतकरी नव्हे. शिवाय या जिल्ह्यात दहांतली जवळजवळ सात माणसे आदिवासी आहेत, आणि आदिवासींची जमीन सरकारी परवानगीवाचून इतरांस विकत घेता येत नाही. ज्या मुलखात पिढ्यान् पिढ्या कर्जाच्या कागदांवर जमिनी गेल्या, तेथे हा निर्बंध असावा हेच योग्य.

नाशिकला परतल्यावर मी दादापुढे सारे मांडले. तुळई चांगली, भिंती बऱ्या होण्याजोग्या, जोते उत्तम; पण दवाखाना शहाद्यास, पायऱ्या पाच, आणि घराची देखभाल करणारे कोणी नाही. आई पलीकडच्या खोलीत होती, तरी ऐकत असणार. बहिणीच्या सहीवाचून व्यवहार करावयाचा नाही, यावर आमचे दोघांचे एकमत झाले. पुढे काय, यावर झाले नाही. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "पण सासूबाईंनी घर मागितलंच कुठं? तिथं राहायचंय, एवढंच तर म्हणाल्या."

मी दोंडाईचास दूरध्वनी करून त्या बहिणीशीच बोललो. भावांनी तिला काहीही कळविले नव्हते. घर विकू नये असे तिला वाटत होते. तथापि सांभाळणेही तिला शक्य नव्हते. आमची मागणी ऐकून ती हसली आणि म्हणाली, की तिच्या हिश्श्यापुरती तिची संमती आहे. दोन दिवसांनी भावांचीही संमती आली. व्यापाऱ्यास त्यांनी होळीपर्यंत थांबविले आहे. त्याप्रमाणे पौषापासून शिमग्यापर्यंत आम्ही त्या घरातले विहिरीकडचे दोन खण भाड्याने घेतले आहेत. तेथे सिमेंट पोहोचलेले नाही. पायऱ्यांस कठडा बसविण्याचे आप्पांनी पत्करले आहे. पहिला महिना वहिनी राहतील, दुसरा माझी पत्नी. दादा म्हणतो मधून मधून येईन, पण त्याने आतापासूनच गाड्यांची वेळापत्रके काढून ठेवली आहेत.

आईने बरोबर न्यावयाच्या सामानाची यादी केली आहे. तीत कंदील आहे. वीज आहे, असे मी तिला दोनदा सांगितले.