कोणाला ठाऊक होतं?

केळीच्या पाण्यासाठी थ्री फेज लाईट रात्रीची असली की माझं वाचन शेतातल्या मोटारीच्या खोलीत चालतं. रावेरकडच्या शेतकऱ्याला जागरण नवं नाही. मी त्यात घराण्याच्या गुपितांवरच्या थरारक कादंबऱ्या वाचतो. चांगली निघाली तर दोनदा. पहिल्यांदा लेखक नेईल तिकडे मुकाट जायचं. दुसऱ्यांदा, शेवट माहीत असताना, पेन्सिल घेऊन एवढंच शोधायचं, की घरात हे आधीपासून कोणाला ठाऊक होतं?

खून कोणी केला, याची मला फारशी ओढ नाही. एकत्र कुटुंबात गुपित सहसा लपलेलं नसतंच. भाऊबंदांना सगळं ठाऊक असतं, फक्त ओसरीवर कोणी बोलत नाही. सातबाऱ्यावरून बहिणीचं नाव कमी झालं, हे फेरफार सांगतो. तिने हक्कसोडीवर सही का केली, ते सांगत नाही. कादंबरीही तशीच वाचावी लागते. विषय निघताच चहा ठेवायला उठणाऱ्या काकूखाली माझी पहिली रेघ पडते.

डाफ्ने द्यू मोरिए यांची १९३८ची ‘रिबेका’ अशा वाचनाला फार चांगली. पहिल्या बायकोला नवऱ्यानेच मारलं (शेवट फोडला, पण पुस्तक जुनं आहे), तरी तो सुटावा म्हणून आपलाच जीव टांगणीला लागतो. आणि ते कळल्यावर दुसऱ्या बायकोला आधी काय वाटतं? त्याचं रिबेकावर प्रेम नव्हतं, याचा दिलासा! खरा थरकाप तिथे आहे. हिचकॉकच्या १९४०च्या सिनेमात हॉलिवूडच्या नियमांपायी खुनाचा अपघात झाला, आणि त्या पापातला आपला वाटाही गेला.

आपल्याकडे जयवंत दळवींनी स्वतःच्या ‘अंधाराच्या पारंब्या’वरून ‘बॅरिस्टर’ लिहिलं. विजया मेहतांनी ते १९७७मध्ये रंगभूमीवर आणलं. बॅरिस्टरच्या घराण्यात वेड आहे, हे झाकलेलं नाही. धास्ती आहे ती आपली पाळी कधी येणार याची, आणि ती उलगडा झाला म्हणून संपत नाही.

म्हणूनच शेवटच्या प्रकरणात अचानक एखादा मानसिक आजार काढून सगळं निस्तरणारे लेखक मला आळशी वाटतात. आजार होता ना? मग घराने तो इतकी वर्षं कसा निभावला, कोणाच्या जिवावर निभावला, ते लिहा की. तसल्या पुस्तकाला माझी पेन्सिल लागत नाही. दुसऱ्यांदा वाचण्यासारखं त्यात काही उरलेलंच नसतं.