वाळूतले झाड, बर्फाखालचा कोळी

वेळणेश्वरच्या पुळणीवर ओहोटी लागली की ओल्या वाळूत झाडे उमटतात. वाळूच्या पोटात राहिलेले पाणी झिरपून वर येते, केसासारख्या रेघा काढते. त्या उताराकडे एकमेकींना मिळतात आणि समुद्राजवळ जाताना जाड होत जातात. मंगळाच्या दक्षिण ध्रुवाजवळही अशा फांद्या आहेत. ‘मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर’ हे यान २००६पासून मंगळाभोवती फिरत त्यांची छायाचित्रे पाठवते आहे. अभ्यासक त्यांना कोळी म्हणतात. काहींचा पसारा किलोमीटरभर भरतो. पाहताक्षणी वाटते, इथेही पाणी वाहिले असणार. तिथेच घाई होते, आणि ती ओळखायला वेळणेश्वरची वाळूच शिकवते. रेघ कशी दिसते यापेक्षा ती कुठल्या बाजूला रुंदावते, हे आधी पाहावे. पाण्याची रेघ उताराकडे रुंदावते. कोळ्याच्या खाचा मात्र चहूकडून मध्याकडे येत खोल होतात, आणि उतार असेल तिथे चक्क चढाकडे रुंदावतात. पाण्याला हे जमणार नाही. कोंडलेल्या वायूला जमते. ध्रुवावरच्या हिवाळ्यात, उणे १२५ अंशांच्या आसपास, हवेतला कार्बन डायऑक्साइड गोठून जमिनीवर काचेसारखा थर धरतो. वसंतात ऊन त्यातून आरपार जाते, खालची काळपट माती तापते आणि बर्फ तळाकडून उडू लागतो. डबीतला कापूर ओल न ठेवता उडून जातो, तसा. बर्फाखाली दाबलेला वायू बर्फातल्या भेगेकडे धावतो, वाटेत माती खरवडतो आणि फवाऱ्यासारखा सुटतो. उडालेली धूळ वाऱ्याच्या दिशेला काळ्या पंख्यासारखी पसरते.

कोणी म्हणेल, जिथे माणसाचे पाऊल पडले नाही तिथली एवढी खात्री कशी? शंका रास्त आहे. १८७७मध्ये खगोलशास्त्रज्ञ स्कियापारेल्लीला मंगळावर रेघा दिसल्या, पुढे खगोलशास्त्रज्ञ लोवेलने त्यांचे कालवे केले, आणि कालवे नव्हतेच. पण त्यांच्यापाशी फक्त दिसणे होते. इथे त्याच जागेची ऋतूमागून ऋतू घेतलेली छायाचित्रे आहेत: पंखे वसंतात उमटतात, बर्फ सरला की पुसट होतात. शिवाय २०२४मध्ये नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या संशोधकांनी मंगळासारखी थंडी आणि विरळ हवा असलेल्या टाकीत, तिथल्यासारख्या मातीवर हाच बर्फ गोठवला, खालून ऊब दिली आणि कोळ्यासारख्या खाचा उमटवून दाखवल्या. वेळणेश्वरला ओहोटीच्या वेळी गेलात, तर पाण्यात शिरण्याआधी जरा वाका आणि एक रेघ कुठे रुंदावते ते पाहा.