पुसलेली बाजू

धर्मगुरूची बदली झाली, की त्याच्या संसाराची जाहीर मोजदाद होते. एरवी बंद दाराआड असलेले त्याचे सामान टेम्पोतून उतरते आणि सारे गाव ते पाहते. मी सध्याच्या धर्मग्रामात रुजू झालो तेव्हा माझ्या सामानात कपड्यांची एक पेटी, पुस्तकांची नऊ खोकी आणि ध्वनिमुद्रिकांची पाच खोकी होती. खोकी उचलायला आलेल्या वेदीसेवकांपैकी एका चुणचुणीत मुलाने विचारले, "फादर, ही सगळी देवाची गाणी आहेत का?"

"नाही रे बाळा," मी म्हणालो, "ही एका माणसाची गाणी आहेत."

"पाचही खोक्यांत एकच माणूस?"

त्याच्या प्रश्नात निव्वळ कुतूहल होते; पण मला तो आरोपासारखा बोचला. साधेपणाने राहावे, संचय करू नये, असा उपदेश वेदीवरून करणाऱ्या माणसाने पाच खोकी भरून एकाच गायकाचा आवाज का बाळगावा? त्या मुलाला मी हसून काहीतरी उत्तर दिले. खरे उत्तर आज, वाचकहो, तुमच्यापुढे मांडतो आहे.

तो गायक म्हणजे बॉब डिलन. १९४१ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. २०१६ साली त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी त्याचे नाव प्रथमच ऐकले असेल. त्याचा आवाज गोड नाही. तो खरखरीत आहे, काहींना तर कर्कश वाटतो. पण त्याचा एक विशेष असा, की तो एकच गाणे दोनदा सारखे गात नाही. चाल बदलतो, लय बदलतो, प्रसंगी शब्दही बदलतो. त्यामुळे त्याच्या चाहत्यांना केवळ त्याची गाणी पुरत नाहीत. त्यांना त्याच्या रात्री हव्या असतात. अमुक शहरात, अमुक तारखेला तो कसा गायला, याचा ते ध्यास घेतात.

या ध्यासाचा आरंभ चोरीतून झाला, हे मला कबूल केले पाहिजे. डिलनची अप्रकाशित ध्वनिमुद्रणे असलेली एक तबकडी १९६९ साली अमेरिकेत गुपचूप विकली जाऊ लागली. तिला ना कंपनीची संमती होती, ना गायकाची. त्यानंतर अशा चोरट्या तबकड्यांचा सुळसुळाट झाला. शेवटी १९९१ साली कंपनीनेच आपले कोठार उघडले आणि ती ध्वनिमुद्रणे रीतसर प्रकाशित करायला सुरुवात केली. गंमत अशी, की त्या मालिकेला तिने 'बूटलेग', म्हणजे चोरटा माल, हेच नाव दिले! २०२५ सालापर्यंत या मालिकेचे अठरा खंड निघाले आहेत. त्याखेरीज २०१६ साली एक पेटी निघाली; तिच्यात १९६६ या एकाच वर्षातील मैफलींच्या ३६ तबकड्या होत्या. २०२४ साली १९७४च्या दौऱ्याच्या २७ तबकड्या आल्या.

या औदार्यामागे केवळ कलाप्रेम आहे असे मानण्याचे कारण नाही. युरोपात ध्वनिमुद्रणावरील हक्काची मुदत ५० वर्षांवरून ७० वर्षांवर गेली. परंतु त्या ५० वर्षांत जे प्रकाशित झाले नाही, त्याला वाढीव मुदतीचा लाभ मिळत नाही. म्हणून २०१२ साली डिलनच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा एक संच युरोपात जेमतेम १०० प्रतींपुरता काढण्यात आला. तो ऐकवण्यासाठी नव्हता, हक्क राखण्यासाठी होता. जपणुकीमागचे हेतू नेहमीच निर्मळ नसतात. माझेही नव्हते.

या संग्रहाने मला पुष्कळ शिकवले, हेही कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. २०१५ साली निघालेल्या खंडात 'लाइक अ रोलिंग स्टोन' या त्याच्या प्रसिद्ध गाण्याचे सर्व प्रयत्न क्रमाने ऐकायला मिळतात. १९६५च्या जून महिन्यात दोन दिवस ते गाणे घडत होते. दुसऱ्या दिवशीचा चौथा प्रयत्न तोच, जो पुढे जगाने ऐकला. पण त्या क्षणी ते कोणाच्याच ध्यानात आले नाही. मंडळी त्यानंतरही गात राहिली, अडखळत राहिली. हाती आलेले रत्न बाजूला ठेवून ती पुढे शोधीत होती! प्रार्थनेच्या बाबतीत आपलेही असेच होत नाही काय? कृपेचा क्षण येऊन जातो आणि आपण 'आज मन लागले नाही' असे म्हणत गुडघे झाडीत उठतो.

आता त्या गोष्टीकडे वळतो, जिच्यासाठी हा लेखनप्रपंच.

१७ मे १९६६ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये डिलनची मैफल झाली. पूर्वार्धात तो एकटा गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन गायला. उत्तरार्धात विजेवरची गिटार आणि साथीदारांचा ताफा घेऊन तो रंगमंचावर आला. ज्यांना त्याची साधी लोकगीते प्रिय होती त्यांना हा द्रोह वाटला. शेवटच्या गाण्याआधी, क्षणभर शांतता असताना, श्रोत्यांतून एक आवाज गरजला : "यहूदा!" आपल्या प्रभूला चुंबन देऊन धरून देणाऱ्या शिष्याचे ते नाव. डिलनने 'तुझ्यावर माझा विश्वास नाही, तू खोटारडा आहेस' अशा अर्थाचे उत्तर दिले आणि साथीदारांना मोठ्याने वाजवायला सांगितले. ही मैफल अनेक वर्षे चोरट्या तबकड्यांवर लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील म्हणून विकली जात होती. १९९८ साली ती रीतसर प्रकाशित झाली, तेव्हाही ते चुकीचे नाव अवतरणचिन्हांत घालून मुखपृष्ठावर ठेवण्यात आले.

मी ती प्रथम ऐकली १९९२ साली. मी सेमिनरीत होतो आणि मे महिन्याच्या सुट्टीत वसईला घरी आलो होतो. एका सहाध्यायी मित्राने एका रात्रीसाठी मला एक कॅसेट दिली. ती एका चोरट्या तबकडीच्या नकलेची नक्कल होती. सकाळी परत द्यायची होती. सातव्या आज्ञेचा अभ्यास झालेला होता. पण त्या रात्री ती आठवली नाही. घरात कोरी कॅसेट नव्हती. मी कपाट धुंडाळले. खालच्या खणात एक कॅसेट सापडली. तिच्यावर काहीही लिहिलेले नव्हते. महत्त्वाची कॅसेट असली, की तिच्या मागच्या कडेची प्लॅस्टिकची दोन इवलीशी पाती मोडून टाकतात, म्हणजे तिच्यावर पुन्हा मुद्रण होत नाही. ती पाती शाबूत होती. मी एकदा लावून पाहावे, एवढाही विचार केला नाही. शेजारून दुसरा टेपरेकॉर्डर आणला, तार जोडली आणि रेकॉर्डचे बटण दाबले.

त्या बाजूवर माझ्या वडिलांचा आवाज होता.

माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न १९८६ साली झाले. कुवेतहून आलेल्या एका नातलगाने नवा टेपरेकॉर्डर आणला होता. आदल्या रात्री मांडवात वडिलांनी आमच्या बोलीतली लग्नगीते म्हटली, आणि मग लोकांनी आग्रह केला म्हणून उपवासकाळात ते ओटीवर बसून म्हणत ती प्रभूच्या दुःखसहनाची दोन गीतेही. लग्नमांडवात दुःखसहनाची गीते! पण वडिलांना मुलगी दुसऱ्या घरी जाण्याचे दुःख त्याच सुरांत मांडता येत होते. वडील शेतकरी होते. त्यांना दुसरा कोणताही सूर ठाऊक नव्हता.

हे सारे मला कसे कळले? सेमिनरीत परतल्यावर मी ती कॅसेट शेवटपर्यंत वाजू दिली तेव्हा. मैफल संपली, टाळ्या थांबल्या, खट् असा आवाज झाला, आणि कॅसेट संपण्यापूर्वीच्या थोड्याशा जागेत वडिलांचा आवाज आला. एका गीताची अखेरची ओळ, मग खोकला, मग "पुरे आता, पाणी आण" हे आईला उद्देशून काढलेले शब्द. दुसऱ्या बाजूवर केवळ वरातीचा बँड होता.

मी कोणालाही सांगितले नाही.

माझी दीक्षा १९९८ साली झाली. पुढल्या वर्षी वडील आजारी पडले. एकदा त्यांना भेटायला गेलो असता ते म्हणाले, "फादर, ताईच्या लग्नातली ती कॅसेट कुठे सापडत नाही. तू जरा शोधशील का?" दीक्षेनंतर ते मला 'फादर'च म्हणत. मी म्हणालो, "शोधतो, बाबा." मी ती शोधीत होतो असे नव्हे, ती माझ्याच खोलीत, माझ्या कपाटात होती. २००० साली ते गेले.

त्यानंतर माझा संग्रह वाढू लागला. कॅनडातले भाऊबंद, आखातातले मित्र तबकड्या आणून देत. मुंबईला गेलो, की काळा घोड्याच्या रिदम हाउसमध्ये डोकावल्याशिवाय मी परतत नसे. २०१६ साली ते दुकान बंद झाले तेव्हा घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. एखाद्या मैफलीतले एक गाणे अर्धवट असले तर पूर्ण प्रत मिळेपर्यंत मला चैन पडत नसे. लोक म्हणत, फादरांना संगीताचा मोठा शौक आहे. मला मात्र आतून कळत होते, की एक आवाज मी पुसला आणि दुसऱ्याचा कण न् कण गोळा करून त्याची भरपाई करू पाहतो आहे.

२०१७ साली मालिकेचा तेरावा खंड आला. १९७९ ते १९८१ या काळात डिलन ख्रिस्ताकडे वळला होता. 'स्लो ट्रेन कमिंग' हा संग्रह त्याच काळातला. १९७९च्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरमध्ये तो चौदा रात्री केवळ श्रद्धेची नवी गाणी गायला, जुने एकही नाही. पुन्हा लोक रागावले. आता त्याने ख्रिस्त स्वीकारला, हाच द्रोह ठरला. रंगमंचावरून तो प्रवचनेही करीत असे. परंतु या खंडासोबतच्या चित्रपटात त्याची स्वतःची प्रवचने नाहीत. एका अभिनेत्याने नव्याने लिहिलेली प्रवचने म्हटली आहेत. प्रवचनकार म्हणून मी खिन्न हसलो. इतक्या जपून ठेवलेल्या कोठारातही काहीतरी वगळले जाते, काहीतरी झाकले जाते.

२७ सप्टेंबर १९९७ रोजी इटलीतील बोलोन्या येथे, राष्ट्रीय युखरिस्त परिषदेच्या निमित्ताने, डिलन पोप योहान पौल दुसरे यांच्यासमोर गायला. कार्डिनल राट्झिंगर यांना हे फारसे रुचले नव्हते, असे त्यांनी पुढे लिहिले. पोपमहोदयांनी मात्र 'ब्लोइंग इन द विंड' या गाण्याचा धागा धरून तरुणांना सांगितले, की तो वारा म्हणजे पवित्र आत्म्याचा श्वास आहे, आणि माणसाने चालावयाची वाट एकच, ती म्हणजे ख्रिस्त. सेमिनरीत ते वृत्त वाचून मी आनंदाने नाचलो होतो. आज वाटते, त्या वाटेवर माझ्याच कपाटात एक अडसर होता.

२०२५ साली वडिलांना जाऊन पंचवीस वर्षे झाली. ताईचा फोन आला. "अरे, पुण्यस्मरणाच्या मिस्सेनंतर घरी सगळे जमणार आहेत. बाबांची ती कॅसेट तुझ्याकडे तर नाही ना? तू एवढे सगळे जपून ठेवतोस." तिच्या स्वरात संशय नव्हता, अभिमान होता. तो मला सोसवेना.

त्या आठवड्यात मला फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाची आठवण होत राहिली. १६१६, १६४९ आणि १६५४ साली ते छापले गेले, पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्या होत्या, म्हणून १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापता आले. त्या अनामिक नकलाकारांनी आपला मराठी शब्द वाचवला. नक्कल मीही केली होती, पण कोऱ्या कागदावर नव्हे.

पुण्यस्मरणाच्या दिवशी, जेवणाआधी, मी भावंडांना सर्व सांगितले. १९९२ची रात्र सांगितली आणि १९९९चे खोटेही. पापनिवेदन ऐकण्याची मला सवय आहे. करण्याची आहे, असे वाटत होते. ओटीवर कोणी बोलेना. धाकटा भाऊ उठून अंगणात गेला. तो रागावला होता, आणि त्याचा राग रास्त होता. अजूनही तो पूर्ण निवळलेला नाही.

मग मी टेपरेकॉर्डर लावला. ती शेवटची ओळ, तो खोकला, आणि "पुरे आता, पाणी आण."

आई जाऊन आठ वर्षे झाली आहेत. तरी ताई नकळत उठली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहू लागली. मग डोळे पुसून खाली बसली. "पुन्हा लाव," ती म्हणाली.

मी पुन्हा लावले. तिसऱ्या वेळी भाऊ दारात येऊन उभा राहिला होता.

पाच खोकी अजून धर्मगुरुनिवासातच आहेत. ती टाकून देण्याने काही साधणार नाही. मात्र त्या कॅसेटची मागची पाती मी त्याच दिवशी मोडली आणि तिच्यावर वडिलांचे नाव व लग्नाची तारीख लिहिली. आता धर्मग्रामात आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला जातो तेव्हा, एखाद्या वृद्ध माउलीला जुनी गीते येत असतील, तर तिच्या संमतीने मोबाइलवर ती उतरवून घेतो. नाव, गाव आणि तारीख आधी विचारतो.