विहिरीवरची नोकरी

लग्नकार्यात पंगत उठली, विडा तोंडात गेला, की शेजारचे गृहस्थ हमखास विचारतात, "आपण काय करता?" वकील, मास्तर, बँकेतले कारकून यांची या प्रश्नातून एका शब्दात सुटका होते. माझी बत्तीस वर्षांत एकदाही झाली नाही. "तेलाच्या विहिरीवर उचलसामान सांभाळतो," असे मी सांगत असे. गृहस्थ "वा वा!" म्हणून दुसऱ्या बाजूच्या पाहुण्याकडे वळत.

माझे आजोळ परभणी जिल्ह्यातले वालूर. तिथल्या मामींनी मात्र विषय असा सोडला नाही. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा नमस्काराला गेलो, तर म्हणाल्या, "विहिरीवर कामाला लागलास म्हणे. पाणी लागलं का रे?"

"नाही मामी, तिथं तेल लागतं."

"मग काय उपयोग!" मामी म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या. वालूरच्या उन्हाळ्यात घागरीसाठी कोसभर चाललेल्या बाईचा तो शेरा होता. त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

माझे काम होते काय, ते आधी सांगून टाकतो. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात 'मुंबई हाय' हे तेलक्षेत्र आहे. १९७४ साली 'सागर सम्राट'ने तिथे तेल शोधले आणि १९७६ साली उत्पादन सुरू झाले. तेलाची विहीर म्हणजे हातभर रुंदीचे, पण हजारो फूट खोल भोक. माणसासारखीच तीही वय झाले की कुरकुरते. आत गाळ साचतो, क्षार बसतात, कधी अंगातल्या द्रवाच्या ओझ्यानेच ती मुकी होते. मग तिच्यात एक बारीक नळी तळापर्यंत सोडायची, तीतून आम्ल किंवा नायट्रोजन वायू धाडायचा आणि तिला पुन्हा बोलते करायचे.

पूर्वी अशी नळी एकेक तुकडा आट्यांनी जोडत सोडावी लागे. त्यात दिवस मोडत. मग एक युक्ती निघाली. दीड-दोन इंच जाडीची पोलादी नळी अखंडच बनवायची, हजारो फुटांची, आणि पतंगाच्या फिरकीवर मांजा गुंडाळावा तशी मोठ्या रिळावर गुंडाळून ठेवायची. या कल्पनेचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. १९४४ साली फ्रान्समधल्या फौजांना पेट्रोल पुरवण्यासाठी इंग्रजांनी तीन इंची पोलादी नळ्या प्रचंड तरंगत्या पिपांवर गुंडाळल्या आणि ती पिपे ओढीत नेऊन खाडीच्या तळाशी नळ्या अंथरल्या. १९६२च्या सुमारास अमेरिकेत तीच कल्पना तेलविहिरीवर आली.

रिळावरची नळी हंसाच्या मानेसारख्या एका कमानीवरून वळते आणि खाली 'इंजेक्टर' नावाच्या यंत्रात शिरते. या यंत्रात समोरासमोर दोन साखळ्या फिरतात. त्या नळीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि विहिरीत ढकलतात किंवा बाहेर ओढतात. सुईत दोरा ओवणाऱ्या आजीची ती चिमटीच समजा. मात्र ही चिमटी काही टन वजनाची असते आणि ती विहिरीच्या तोंडावर, माणसाच्या डोक्यापेक्षा कितीतरी उंच, अधांतरी धरून ठेवावी लागते. खालून वायूचा दाब, वरून नळीचा भार, बाजूने समुद्राचा वारा! जमिनीवर क्रेन उभी करता येते. समुद्रातल्या फलाटावर क्रेनला जागा नाही की जोर नाही, म्हणून खास चौकट उभारतात आणि चारी बाजूंनी साखळ्यांचे ताण देतात.

ती चौकट, त्या साखळ्या, क्रेनचे दोर, आकडे, चेनपुल्या हे माझे खाते. विहीर बोलू लागली की शाबासकी रिळावाल्यांना मिळे. चौकटीला कोणी शाबासकी देत नाही आणि देऊही नये. ती हलली नाही, एवढेच तिच्याकडून हवे असते.

आमच्याकडे एक साधा नियम होता. उचलायच्या प्रत्येक दोराची, साखळीची ठरावीक मुदतीने तपासणी व्हायची आणि पास झालेल्या वस्तूच्या टोकाला त्या मुदतीचा रंग लागायचा. या खेपेला हिरवा, तर पुढच्या खेपेला दुसरा. अडाण्यालाही कळावे अशी सोय.

आता जे सांगायचे आहे ते मी घरातही कधी सांगितलेले नाही. हिरव्या रंगाच्या दिवसांतली एक दुपार. पावसाळा तोंडावर आलेला, काम दोन दिवस मागे पडलेले, वरिष्ठांचे तारेवर तारे चालल्यासारखे फोन. इंजेक्टरच्या एका बाजूचा ताण द्यायला चेनपुली कमी पडत होती. कोपऱ्यात एक पडलेली होती. तिच्या टोकाला पिवळा रंग होता, म्हणजे मुदत संपलेली. मी तो पाहिला. पाहिला आणि म्हणालो, "एवढी एकच उचल आहे. लावा."

पुली सरकली. इंजेक्टर जागचा फारसा हललाही नाही. पण मोकळ्या साखळीच्या फटक्यात एका मदतनीस पोराच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. कोकणातला पोरगा, वय बावीस-तेवीस. हेलिकॉप्टर येईपर्यंत तो माझ्याकडे बघत होता, पण बोलला काही नाही.

अहवाल मी लिहिला. त्यात 'अनपेक्षित' असा शब्द घातला. चौकशी झाली, त्याला भरपाई मिळाली, नोकरी मात्र त्याने सोडली. मला बढती मिळाली. तो शब्द खोटा होता, हे मला आणि त्या पिवळ्या रंगाला ठाऊक होते.

यंदाच्या मे महिन्यात, निवृत्तीनंतर, बऱ्याच वर्षांनी निवांत वालूरला गेलो. सेलू स्टेशनावर उतरलो. मामा आता नाहीत. मामी नव्वदीच्या घरात आहेत, कानाने कमी, जिभेने शाबूत. गावाचे नाव गावकरी वाल्मीकींशी जोडतात आणि गावात जुन्या बारवा आहेत. त्यांतली एक चक्राकार. तिच्या पायऱ्या सरळ खाली न उतरता गोल फिरत फिरत तळाशी जातात. आमच्या लहानपणी ती गाळाने आणि झुडपांनी बुजली होती. अलीकडे गावच्या लोकांनी श्रमदानाने ती मोकळी केली. मी पहिल्याच संध्याकाळी तिच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. एवढ्या मातीचा रेटा शेकडो वर्षे कोण सहन करते आहे, तर गोलात बसवलेले दगड. चहूकडून माती रेटते तसे ते एकमेकांना अधिकच घट्ट धरतात. ते बांधणाऱ्या गवंड्याचा अहवाल मला वाचायला आवडला असता.

मामांच्या शेतातल्या विहिरीवर लहानपणी मी मोट पाहिली आहे. बैल धावेवरून उतरू लागले की नाडा ताणायचा, चाक करकरायचे आणि थारोळ्यात पाणी धबकन पडायचे. मामा रोज सकाळी मोट जुंपण्याआधी चाकाचे खांब हाताने हलवून बघत. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर मी पुढे पाहिली. १७१९ ते १७२४ या काळात ती बांधली गेली. एकाच वेळी बारा मोटांचा ओढा सोसेल अशी दगडी बांधणी! पाणी ओढणाऱ्या बैलांइतकेच ते सोसणारे दगड महत्त्वाचे, हे त्या लोकांना कळत होते.

मोटेनंतर आमच्या भागात हातपंप आले. शेजारच्या जालन्यात मिशनच्या मंडळींनी खडकात बोअर घेऊन टिकाऊ पंप बनवायची खटपट केली. 'जालना पंप', त्यापाठोपाठ 'सोलापूर पंप', आणि त्यातून पुढे सत्तरच्या दशकात देशभर, देशाबाहेरही गेलेला 'इंडिया मार्क टू'. त्या पंपाच्या दुरुस्तीच्या पेटीत पाइप नुसता धरून ठेवणारी एक पकड असते. वरचा तुकडा सोडवीपर्यंत खालचा सगळा भार ती पेलते. ती सुटली, तर सारे पाइप तळाशी!

हे सगळे मी मामेभावाला उत्साहाने सांगत होतो, तेव्हा तो म्हणाला, "दादा, ते ऱ्हाऊ द्या. आपल्या बोअरची मोटर अडकलीय, तिचं बगा."

साडेतीनशे फुटांची बोअर. मोटर जळालेली आणि गाळात रुतलेली. घरी दोन म्हशी, मोसंबीची दीडशे झाडे आणि टँकरच्या पाण्याचा भाव रोज चढता. दुसऱ्या दिवशी दुपारी मोटर काढणारे आले. एक मिस्त्री आणि त्याच्याबरोबर एक सडपातळ पोरगा. तीन पायांची लोखंडी घोडी त्यांनी बोअरवर उभी केली, वर चेनपुली अडकवली आणि काळ्या पाइपाला क्लॅम्प आवळला. अखंड काळा पाइप, भेंडोळ्यातून आलेला! मला हसू आले. आयुष्यभर समुद्रात जे केले, तेच मामेभावाच्या शेतात चालले होते.

मग माझे लक्ष घोडीच्या पायांकडे गेले. एक पाय गळक्या पाण्याने भिजलेल्या मातीत होता. दुसरा काळ्या जमिनीच्या भेगेच्या अगदी काठावर. तीन पायांना एकमेकांशी बांधणारी साखळी नव्हतीच. पाइप, पाणी, मोटर मिळून भार दीडशे-पावणेदोनशे किलोंचाच. पण रुतलेली वस्तू ओढताना घोडीवर येणारा ताण त्याच्या कितीतरी पट होतो, आणि पाय फाकले की घोडी बसते. तो पोरगा नेमका तिच्या खाली, क्लॅम्पवर वाकून.

"थांबा," मी म्हणालो.

मिस्त्रीने चेन ओढता ओढता विचारले, "कामून?"

मी सांगितले. तो हसला. "साहेब, वीस वर्षं हेच करतोय. एवढी एकच ओढ ऱ्हायली."

ते वाक्य मी ओळखले. ते माझेच होते.

मी पुढे होऊन पोराला हाताला धरून बाहेर काढले. मामेभावाचा चेहरा उतरला. पाहुण्याने कामात हात घालणे वालूरला शोभत नाही, आणि मिस्त्री रागावून गेला तर पुन्हा आठ दिवस यायचा नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "दादा, म्हशी तहानल्यात. तुमची समुद्रावरची रीत इतं कशाला?" मिस्त्री बिडी ओढत बाजूला जाऊन बसला. मी एकटाच उन्हात उभा होतो आणि मला फार लाज वाटत होती. पण हटलो नाही.

शेवटी ओसरीवरून मामींनी विचारले, काय झाले म्हणून. मामेभावाने ओरडून सांगितले. मामी म्हणाल्या, "त्याचे मामा रोज खांब हलवून बघत होते. बघू दे त्यालाही."

तो निकाल झाला. बांधावरचे सपाट दगड आणले, जुन्या दाराच्या फळ्या पायांखाली घातल्या, बैलगाडीची साखळी तिन्ही पायांना फिरवून बांधली. यात दोन तास गेले. मग ओढायला घेतले. पाइप ताणला गेला, घोडी कुरकुरली आणि एकदम हिसका बसून मोटर गाळातून सुटली. पाच वाजेपर्यंत ती बांधावर पडली होती.

घोडी पडली नाही. मी बोललो नसतो तर पडली असती का? सांगता येत नाही. मिस्त्री जाताना म्हणालाच, "बगा, काय झालं? काहीच नाही!" मी मान डोलावली. माझ्या धंद्यात याहून मोठी बिदागी नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखाली बसून त्या कोकणातल्या माणसाला पत्र लिहिले. पत्ता जुन्या सहकाऱ्याकडून मिळवला. पिवळा रंग मी पाहिला होता, अहवालात खोटे लिहिले, एवढेच लिहिले. क्षमा मागितली, ती मिळावी असा आग्रह धरला नाही.

श्रावणात उत्तर आले. अक्षर डाव्या हाताचे वाटले. त्याचे किराणा दुकान आहे, मुलगी कॉलेजात आहे, आंबा यंदा कमी आला. शेवटी लिहिले होते, "साहेब, तो पिवळा रंग मीही पाहिला होता. तुमच्यासमोर बोलायची छाती झाली नाही. इतकी वर्षं वाटायचं, आपणच बोललो असतो तर."

पत्र मी दोनदा वाचले. मग मामेभावाला फोन लावला आणि म्हटले, मिस्त्रीबरोबरच्या त्या पोराला गाठून एक निरोप सांग: काही वावगे दिसले तर खुशाल 'थांबा' म्हणायचे, समोर कितीही मोठा साहेब असला तरी.

"सांगतो," तो म्हणाला. "आणि दादा, आई विचारतेय, आता तरी पाणी लागलं का?"

"लागलं म्हणावं," मी म्हणालो.