मागच्या सीटवरून

टायर हा काही बायकांच्या गप्पांचा विषय नव्हे, असं आमच्या सासूबाईंचं मत. खरंच आहे म्हणा. हळदीकुंकवाला कुणी कुणाला टायरचा भाव विचारत नाही. पण मोटारसायकलवर मागे बसतं कोण? पुढच्याच्या हातात निदान हँडल असतं, ब्रेक असतो. आपल्या हातात त्यांचा खांदा आणि तोंडात देवाचं नाव! तेव्हा ज्या रबराच्या भरवशावर आपण बसतो, त्याची थोडी ओळख आपल्यालाही असायला हवी, असं मला वाटतं.

आमचं घर हिंजवडी गावठाणात. भोवतीच्या शेतांवर आय.टी. पार्कच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि आमच्या ह्यांचा जन्म चाकणच्या कारखान्यात गेला. मुलीचं लग्न झालं, मुलगा कमावता झाला, तशी ह्यांनी बावन्नाव्या वर्षी लांबच्या प्रवासाची जडशी मोटारसायकल घेतली. "या वयात?" शेजारणीनं विचारलंच. मला मात्र मनातून आवडलं. माझं माहेर श्रीवर्धनकडचं. पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव असं करत एस.टी. न बदलता थेट दारात उतरायचं, हे सुख काही औरच.

दोन वर्षांपूर्वी गणपतीला निघालो होतो. ताम्हिणीत धो-धो पाऊस. एका वळणावर मागचं चाक असं सरकलं, की बसल्या जागी खालचा पाट कुणी ओढावा. ह्यांनी गाडी सावरली, पडलो नाही. "शेवाळ होतं," एवढंच म्हणाले. मी गप्प बसले. पण माहेरी पोचल्यावर हातपाय धुवायच्या आधी मागचा टायर बघितला. कडेची नक्षी शाबूत, आणि मधला पट्टा पोळपाटासारखा सपाट!

हे असं का होतं, ते मला नंतर कळलं. मोठ्या रस्त्यावर गाडी सरळच धावते, म्हणून झिजतो तो मधला भाग. गोल टायर चौकोनी होतो, आणि वळणावर गाडी कलताना त्या कडेवरून एकदम पलीकडे पडल्यासारखी वाटते. मागच्या चाकाला इंजिनाची ओढ असते आणि आपलं नि सामानाचं वजनही त्यावरच, म्हणून तो पुढच्याच्या आधी संपतो. आमचा १३,००० किलोमीटरला संपला. त्यातले निम्मे तर वाकडच्या पुलापासून आय.टी. पार्कपर्यंतच्या गर्दीत, ब्रेक दाबण्यात आणि सोडण्यात गेले असतील! टायर रस्त्याला टेकतो तो एका वेळी जेमतेम तळहाताएवढा. खाचांचं काम त्या तळहाताखालचं पाणी बाजूला काढायचं. खाच उरली नाही, की चाक पाण्यावर तरंगायला लागतं.

गावी परत आल्यावर टायरवाल्याकडे मी मुद्दाम बरोबर गेले. त्यानं दोन टायर पुढे ठेवले. एक टणक रबराचा, जास्त चालणारा आणि स्वस्त. दुसरा मधे टणक, कडेला मऊ. तो ओल्या रस्त्याला जास्त धरतो, पण लवकर झिजतो, शिवाय दीड हजारांनी महाग. मऊ रबर रस्त्याच्या खडबडीत अंगात रुतून बसतं म्हणून धरतं, आणि म्हणूनच झिजतं. दोन्ही गुण पुरेपूर एका रबरात मिळत नाहीत. कारखानदार त्यातल्या त्यात मेळ घालतात. रबर मुळात पांढुरकं; टिकावं म्हणून त्यात काजळीसारखी कार्बनची पूड घालतात, ओल्यात धरावं म्हणून सिलिका. काजळाचा हा उपयोग मला नवाच!

ह्यांचा हात टणक टायरवर. "कोण दरवर्षी बदलणार?" मी म्हटलं, "अहो, पावसाळ्यात माहेरी जायचं असेल तर मी याच्यावर बसणार नाही. एस.टी.नं जाईन." दुकानात चार माणसं होती. हे काही न बोलता बाहेर जाऊन उभे राहिले. दोन दिवस घरात "चहा" आणि "जेवण" याखेरीज शब्द नाही. त्यांना वाटलं, मी त्यांच्या चालवण्याला नावं ठेवली. आता हे कसं समजवावं? तीस वर्षं मी मागे बसते ते त्यांच्यावर विश्वास आहे म्हणूनच ना! पण हात कितीही चांगला असला तरी धरायचं शेवटी रबरानंच. तिसऱ्या दिवशी भिशीचे पैसे टेबलावर ठेवले. संध्याकाळी गाडी आली ती दुसऱ्या टायरवर. भांडण मिटलं असं म्हणवत नाही, पण पिठलं-भाकरी आवडीनं खाल्ली.

नवा टायरही पहिले दीडशे किलोमीटर गुळगुळीतच असतो बरं का. तेवढी गाडी जपून चालवायची. हवा बघायची ती सकाळी, टायर थंड असताना. आणि दोघं जाणार असाल तर पुस्तिकेत दोघांसाठी वेगळा आकडा असतो, तो धरायचा. बहुतेक पुरुष एकट्याच्या आकड्यावर बायकोला बसवतात! हवा कमी असली तर टायर तापतो, जास्त झाली तर मधला पट्टा लवकर जातो. खाचांच्या तळाशी मधूनमधून बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांना टेकली, की टायर संपला. १९८९ च्या मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकीला निदान ०.८ मिलिमीटर खोल खाच लागते. मी म्हणते, पावसाळ्याच्या तोंडावर एवढी वाटच कशाला बघायची?

आणि टायरचं वय. न वापरताही रबर कडक होतं. कुकरची रिंग नाही का, पडून पडून ताठ होते! टायरच्या कडेला चार आकडे एका लांबट चौकटीत असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाच वर्षांनी दरवर्षी तपासून घ्यावा, दहा झाली तर नक्षी कितीही छान दिसो, काढून टाकावा.

हे मी परवा नणंदेला फोनवर सांगितलं. वन्सं भोसरीला राहतात, भाचीला शाळेतून स्कूटरवर आणतात. "फार चालत नाही गं गाडी, टायर अगदी नवा दिसतो," म्हणाल्या. तरी म्हटलं, खाली जाऊन आकडे वाचा. पाच मिनिटांनी त्यांचा फोन. ३८१५.