वर वाहतं, खाली झिरपतं

एम.टेक.च्या प्रकल्पाला सरांनी विषय दिला: वर संथ वाहणारं पाणी, खाली वाळूचा थर, दोन्हींतला प्रवाह कॉम्प्युटरवर एकत्र काढ. वरच्याला स्टोक्सची समीकरणं, खालच्याला डार्सीचा नियम. डार्सी तर आपल्यातलाच, सिव्हिल इंजिनिअर. दिजाँ शहराला पाणी आणणाऱ्या या माणसाने वाळूच्या नळकांड्यातून पाणी सोडून काढलेला नियम १८५६ साली आपल्या ग्रंथाच्या परिशिष्टात छापला.

सुटे सुटे दोन्ही सुटतात. घोळ सगळा मधल्या रेषेवर. द्विमितीत स्टोक्सला तिथे दोन अटी लागतात, डार्सीला एक. वरून उतरेल तेवढंच पाणी वाळूत शिरलं पाहिजे, हे पटलं. दाबाचा हिशेब जुळला पाहिजे, तेही पटलं. पण रेषेला समांतर वेगाचं काय? भिंतीला टेकलेलं पाणी थांबतं, हे बी.ई.लाच घोकलेलं, वाळू मात्र धड भिंत नाही, धड पाणी नाही. बीव्हर्स आणि जोसेफ यांनी १९६७ मध्ये प्रयोग करून दाखवलं की पाणी तिथे घसरतं, आणि किती ते एका गुणांकावर ठरतं. तो शोधायला गेलो, तर पदार्थागणिक ०.१ पासून ४ पर्यंत! चाळीसपट फरक.

"सर, यातला कोणता घेऊ?"

"कोणताही घे आणि पुढे चल. मग बदलून बघ, उत्तर किती हलतं ते."

पुढे चाललो. वरचा भाग सोडवायचा, रेषेवरची किंमत खाली द्यायची, खालचं उत्तर पुन्हा वर, जुळेपर्यंत हेच. श्यानता एक, पारगम्यता एक, असं धरलं तोवर रेसिड्युअल भराभर उतरत होता. मग वाळूची खरी पारगम्यता घातली, दहाचा उणे अकरावा घात वर्गमीटर. स्क्रीनवरचा आकडा जागचा हलेना. मी कोडमध्ये चूक शोधत बसलो, चूक नव्हतीच. श्यानता आणि पारगम्यता लहान झाल्या की ही देवाणघेवाण रेंगाळते, हे जाणकारांना ठाऊक आहे. दिस्काच्याती, क्वार्तेरोनी आणि वाल्ली यांनी २००७ मध्ये त्यावर तोड सुचवली: रेषेपलीकडे नुसता वेग किंवा नुसता दाब न पाठवता दोन्हींचं मिश्रण पाठवायचं. मिश्रणाचं प्रमाण ठरवणं ही पुन्हा वेगळी डोकेदुखी, पण आकडा हलला.

या वाटेला येणार असाल तर खरी पारगम्यता पहिल्याच दिवशी घालून बघा. सगळीकडे एक धरलं की कुठलीही पद्धत गुणीच दिसते.