उचंत खात्यातलं दूध

संशय घ्यायला भांडवल लागत नाही. फेडायला मात्र लागतं. हे मी बँकेतल्या वीस-बावीस वर्षांच्या नोकरीच्या बळावर सांगतो. एखादं खातं गोठवायचं असेल तर संगणकावर एक कळ दाबली की काम झालं. तेच खातं पुन्हा चालू करायचं म्हटलं की आधार कार्ड, पॅन कार्ड, दोन फोटो, विनंती अर्ज आणि ‘साहेब जेवायला गेलेत’ एवढी सगळी पूर्तता करावी लागते.

ज्या रकमेचा धनी सापडत नाही, ती आम्ही सस्पेन्स अकाउंटला टाकतो. बी. कॉम.ला आमचे सर त्याला ‘उचंत खातं’ म्हणायचे. सरांच्या मते उचंत खातं ही धर्मशाळा आहे, घर नव्हे. रकमेनं तिथे पथारी टाकावी, बिऱ्हाड थाटू नये. वर्षअखेरीला ते खातं शून्य झालंच पाहिजे.

हे पुराण लावायचं कारण असं, की मागे एकदा आमच्या घरात प्रत्यक्ष दूधच उचंत खात्याला पडलं होतं.

दूध, आणि तेही कोल्हापुरात! ज्या गावात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि माणसं समोर काढलेलं धारोष्ण दूध पेल्यानं रिचवून मिशा पुसत घरी जातात, त्या गावात ‘आमच्या बाळाला दूध चालत नाही’ असं म्हणणं म्हणजे पंढरपुरात जाऊन ‘आम्हाला टाळांचा त्रास होतो’ म्हणण्यासारखं आहे. त्यातून आमचे आबा तरुणपणी तालमीत घुमलेले. त्यांच्या मते जगात माणसांच्या दोनच जाती : दूध पिणारी आणि आजारी.

आमचे धाकटे चिरंजीव जरा उशिरानं आले. थोरली आठवीत, मी पंचेचाळिशीत. ज्या वयात माणूस स्वतःच्या गुडघ्यांचा विचार करतो त्या वयात मी रात्री दोन वाजता मुलाला खांद्यावर टाकून गॅलरीत येरझारा घालत होतो. पाचव्या महिन्यात त्यांना आईच्या दुधाबरोबर डब्यातलं वरचं दूध सुरू झालं, आणि पंधरवड्यात तक्रारी सुरू झाल्या. ओकाऱ्या, गालांवर इसब, रात्रभर पाय पोटाशी घेऊन रडणं. आणि एके सकाळी शीमध्ये रक्ताची बारीक रेघ. बँकेत लाखाची तफावत आली तरी मी चहा पिऊन मग वही उघडतो. ती रेघ पाहिली आणि शर्टाची बटणं खालीवर लावून दवाखान्यात धावलो.

डॉक्टरबाईंनी बाळाचं वजन केलं, पोट तपासलं, आणि शांतपणे म्हणाल्या, “गाईच्या दुधातल्या प्रथिनाची अॅलर्जी असावी, असा संशय आहे.”

यातला ‘असावी’ हा शब्द नीट ऐकून ठेवा. तो दवाखान्यातून आमच्याबरोबर निघाला, पण घरापर्यंत पोचला नाही. घरी पोचला तो ‘आहे’. संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्याला बातमी लागली, आणि सल्ल्यांचं पासबुक भरायला सुरुवात झाली.

शेजारचे काका म्हणाले, “हे लॅक्टोजचं असतं हो, माझ्या मेव्हण्याला आहे.” आता लॅक्टोज ही दुधातली साखर. ती पचली नाही की पोट फुगतं, जुलाब होतात. अॅलर्जीत भांडण असतं ते दुधातल्या प्रथिनाशी, आणि भांडते ती शरीराची संरक्षणव्यवस्था. दोन्हींत पोट बिघडतं म्हणून दोन्ही एकच म्हणणं म्हणजे मुदत ठेव आणि मुदत कर्ज यांत ‘मुदत’ आहे म्हणून दोन्ही एकच म्हणण्यासारखं आहे. सासूबाईंनी पुण्याहून फोन केला, “बकरीचं दूध द्या. गांधीजी तेच घ्यायचे.” पण बकरीच्या आणि म्हशीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधातल्या प्रथिनांची सख्खी चुलत भावंडं असतात. गाईशी भांडण झालेलं बाळ सहसा त्यांच्याशीही भांडतं. आणि आबा? आबा एवढंच म्हणाले, “अरं, दुधानं आजवर कुणाचं वाकडं झालंय व्हय?” आणि पेला घेऊन कट्ट्यावर निघून गेले.

दूध बंद झालं. बाळाला दुसऱ्या प्रकारचं डब्यातलं दूध आलं, ज्यातल्या प्रथिनांचे आधीच बारीक तुकडे केलेले असतात. त्या डब्याची किंमत पाहून मी दुकानदाराला ‘हप्ते पडतील का?’ असं विचारणार होतो. पण खरं दूध बंद झालं ते बाळाच्या आईचं. कारण आई जे खाते त्यातल्या प्रथिनांचा अंश तिच्या दुधात उतरतो. म्हणजे चहा गेला, दही गेलं, ताक गेलं, लोणी-तूप गेलं. तिला कॅल्शियमच्या गोळ्या आल्या आणि पाण्यात शिजवलेली नाचणी आली.

दूध आपल्या घरात कुठं कुठं दडून बसलेलं असतं, याचा शोध मला तेव्हा लागला. पावाला वरून लोणी फासलेलं, बिस्किटात दुधाची भुकटी, वेफर्सच्या मसाल्यातसुद्धा तीच. २०२० सालच्या नियमांपासून आपल्याकडे पाकिटावर ‘यात दूध आहे’ हे छापावं लागतं. पण ते अक्षर एवढं बारीक, की विम्याच्या अटी लिहिणाऱ्याच माणसाकडे ते काम दिलेलं असावं. त्या अक्षरांत ‘केसीन’ आणि ‘व्हे’ असे शब्द आले तर तेही दूधच, टोपणनावानं राहणारं. आणि पाकीट नसलेल्या दुधाचं काय? सत्यनारायणाचं तीर्थ! श्रद्धेनं पुढं केलेली पळी नाकारताना आमच्या सौ.चा चेहरा असा व्हायचा, की जणू तिनंच साधुवाण्याची नौका बुडवली आहे. पेढ्यांचं तर बोलूच नका. आमच्या बँकेत कुणाची बदली रद्द झाली तरी पेढे, झाली तरी पेढे.

तीन आठवड्यांत फरक पडला. गाल निवळले, शी साफ झाली, चिरंजीव रात्री सलग चार तास झोपू लागले. घरात आनंदीआनंद. प्रश्न मिटला, दूध नको, विषय संपला. चौथ्या आठवड्याला आम्ही आभार मानायला दवाखान्यात गेलो, तर डॉक्टरबाई म्हणाल्या, “छान. आता दूध पुन्हा सुरू करा.”

सौ. म्हणाली, “अहो बाई, आत्ता कुठं झोपतोय तो!”

“म्हणूनच,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “इसब हवा बदलली तरी कमी होतो. बाळांच्या पोटाच्या कितीतरी तक्रारी वयाबरोबर आपोआप थांबतात. दूध बंद केलं आणि बरं वाटलं, एवढ्यानं दूध दोषी ठरत नाही. पुन्हा देऊन त्रास परत आला, तरच ठरतं. नाहीतर विनाकारण वर्षभर तुम्ही दोघं उपाशी राहाल.”

त्या क्षणी मला बी. कॉम.चे सर आठवले. बाई उचंत खातं साफ करायला सांगत होत्या!

मात्र त्याआधी त्यांनी आम्हाला सरकारी वकिलासारखे प्रश्न विचारले. दूध दिल्यावर लगेच अंगावर गांधी उठल्या होत्या का? ओठ, डोळे सुजले होते का? श्वासाला त्रास, घरघर, बाळ एकदम गळून गेलं, असं कधी? “यातलं एक जरी घडलं असतं,” त्या म्हणाल्या, “तर घरी काहीही करायचं नाही. ते काम रुग्णालयात, आमच्या डोळ्यांसमोर.” आमचं बाळ उशिरानं, दोन-तीन दिवसांनी रुसणाऱ्यांतलं होतं, म्हणून आम्हाला घरची परवानगी मिळाली. तेव्हा वाचकहो, एका कारकुनाचा लेख वाचून दुधाचं पातेलं हातात घेऊ नका. आधी डॉक्टर, मग पातेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सौ.नं चार आठवड्यांनी दुधाचा चहा केला. आलं घालून, साय न काढता. पहिला घोट घेऊन तिनं डोळे मिटले. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही तिच्या चेहऱ्यावर एवढं समाधान नव्हतं. मी समोरच होतो, म्हणून सांगतो. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. आबांनी विजयी मुद्रेनं मिशीवरून हात फिरवला. तिसऱ्या रात्री बाळाचे पाय पुन्हा पोटाशी गेले, आणि चौथ्या दिवशी सकाळी शीमध्ये तीच रेघ.

सौ. काही बोलली नाही. ओट्यावर चहा निवत होता. तो तिनं मोरीत ओतला, कप धुतला आणि पालथा घातला. तो कप पुढं सात महिने पालथाच होता. त्या दिवसापासून आबांनीही घरात दुधाचं नाव काढलं नाही. कट्ट्यावरून येताना ते मिशा पुसून येत असतच. आता चूळही भरून येऊ लागले.

पण एक गंमत झाली. संशय होता तोवर घरात रोज वाद होता, कुणाचं काय चुकलं यावर. निकाल लागल्यावर वाद संपला. ‘असावी’ची ‘आहे’ झाली, तीही या वेळी रीतसर, सहीशिक्क्यानिशी. आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं की ही जन्मठेप नव्हे. बहुतेक मुलं पहिल्या काही वर्षांतच यातून बाहेर पडतात. निदान सहा महिने थांबायचं, वर्षाचा होऊ द्यायचा, आणि मग शिडी.

ही शिडी ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी बनवलेली. २०१३ साली तिला बारा पायऱ्या होत्या. २०१७ साली सुधारून सहा केल्या. सुधारणेत पायऱ्या कमी झाल्याचं हे माझ्या पाहण्यातलं एकमेव उदाहरण. आमच्याकडे प्रत्येक सुधारणेबरोबर एक फॉर्म वाढतो. तत्त्व असं, की दूध कणकेत मिसळून भट्टीत चांगलं भाजलं की त्यातल्या काही प्रथिनांचा आकार मोडतो, आणि शरीराला जुना शत्रू ओळखू येत नाही. म्हणून पहिली पायरी, चिमूटभर दुधाची भुकटी घातलेलं बिस्कीट. दुसरी, कपकेक. तिसरी, तव्यावरचं दूध घातलेलं धिरडं. चौथी चीज, पाचवी दही, आणि सगळ्यात वर साधं दूध. म्हणजे दूध बुरख्यातून आणायचं, आणि एकेक पायरीला बुरखा थोडा थोडा वर सरकवायचा.

आमच्यासाठी नियम कडक होते. प्रत्येक पायरीवर किमान तीन दिवस मुक्काम. द्यायचं ते सकाळी, म्हणजे दिवसभर लक्ष राहतं. सर्दी-ताप असेल किंवा लस टोचली असेल तर शिडी बंद. त्या दिवसांत दुसरा कुठलाही नवा पदार्थ नाही. त्रास झाला तर एक पायरी खाली. आणि सगळं वहीत लिहायचं. हे शेवटचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. तारीख, वेळ, पदार्थ, परिमाण, शेरा. बँकेतल्या माझ्या कुठल्याही लेजरला एवढं सुवाच्य अक्षर लाभलेलं नाही.

पहिल्या बिस्किटाचा चतकोर तुकडा चिरंजीवांनी खाल्ला तेव्हा आम्ही चौघं त्यांच्याभोवती असे बसलो होतो, जसे निवडणुकीच्या रात्री टीव्हीसमोर बसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सौ.नं हाक मारली, “अहो, इकडे या!” गालावर लाल फोड! थोरली रडवेली झाली, मी वही उघडली, आबांनी चष्मा लावला, फोडाकडे नाक टेकवून पाहिलं आणि म्हणाले, “डास हाय त्यो.” आणि डासच होता. वहीत शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं : ‘डास. दुधाशी संबंध नाही.’

तिसऱ्या पायरीला चिरंजीवांना सर्दी झाली आणि शिडी आठ दिवस थबकली. चीज निर्धोक गेलं. दह्याच्या चौथ्या दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, “आता आईनंही सगळं खायला हरकत नाही.” सौ.नं त्या दिवशी कप सुलटा केला. आलं घालून, साय न काढता चहा केला. एक घोट घेतला आणि म्हणाली, “अहो, फार दुधाळ लागतोय हो.” सात महिन्यांत तिला कोऱ्या चहाची सवय झाली होती. तरीही तिनं तो पुरा प्यायला, आणि वर दुसराही केला.

शेवटच्या पायरीचा मान आबांना दिला. त्यांनी चांदीची वाटी काढली, उकळून कोमट केलेलं दूध स्वतः मोजून घेतलं आणि नातवाला मांडीवर घेऊन पहिला चमचा तोंडात घातला. आम्ही श्वास रोखून बसलो. चिरंजीवांनी दूध तोंडात घोळवलं, आजोबांच्या डोळ्यांत पाहिलं, आणि सगळं फुर्रकन बाहेर उडवलं. त्यांना दुधाचा काही त्रास नव्हता. त्यांना ते आवडलं नव्हतं.

आबा हताश होऊन म्हणाले, “हे आणि कसलं नवं दुखणं?”

मी वही पुढं ओढली. शेवटची नोंद अजून आहे : ‘साधं दूध. दिलं ३० मिलि. बाळाच्या पोटात जमा ५, आबांच्या बंडीवर नावे २५. फरक शून्य.’